पुन्हा विचारणाऱ्या विमलताई

फोनवर खरखर फार होती. पलीकडून कुणीतरी "ताई गेल्या" म्हणालं आणि मी, "कोण ताई? नीट सांगा, पुन्हा सांगा," असं विचारत राहिले. पुन्हा सांगितलं तरी नाव तेच आलं... विमलताई गायकवाड. त्याला आता महिना होत आला.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात त्या शेवटपर्यंत टेलेक्सवर होत्या, मी शेजारच्या खरेदी विभागात. टेलेक्स म्हणजे तारेनं जोडलेला टाइपरायटर. कलकत्त्याच्या गिऱ्हाइकानं तिकडे टाइप केलं की इकडे कागदावर उमटायचं. लाइन बिघडली की आकड्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं यायची. आकडा आणि अक्षर एकाच बटणावर असल्यानं सरावलेले ऑपरेटर त्यावरून मूळ आकडा सांगत आणि सगळीकडे तसंच चालायचं. विमलताई मात्र पलीकडून पुन्हा मागवायच्या. हट्टी बाई! "अंदाज भाजीतल्या मिठाचा करावा," म्हणायच्या.

एकदा बुशचं, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या नळीचं, माप असंच अक्षरांत आलं. बुश करून देणार होते सलीमभाई, धातू कातायचं एक लेथ मशीन टाकून धंद्यात नुकतेच उभे राहिलेले. आमच्याकडचं त्यांचं हे पहिलंच काम. उशीर झाला तर पुढचं काम दुसऱ्याला जाईल, असं साहेबांनी बजावलेलं. कलकत्त्याची लाइन लागेना. दुपारी सलीमभाई स्वतःच येऊन उभे राहिले.

"ताई, तुम्हाला वाचता येतंय ना? मग द्या ना आकडा. सकाळपासून लेथ बंद हाय."

ताईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. "वाचता येतंय, सलीमभाई. पण त्यांना तेच म्हणायचंय का, ते मला माहीत नाही. चुकलं तर भंगारात माल तुमचा जाईल, माझा नाही."

संध्याकाळी उत्तर आलं. ताईंनी मनात वाचलं होतं तेच माप निघालं. साहेबांनी खवचटपणे विचारलं, झालं का समाधान? "आता झालं," ताई म्हणाल्या. सलीमभाई कागद घेऊन गेले. माल उशिरा पोचला आणि पुढचं काम खरंच त्यांच्या हातून गेलं. ताईंना ते फार लागलं, कित्येक दिवस त्यांचा डबा तसाच घरी परत जायचा. सवय मात्र त्यांनी सोडली नाही. त्या दिवशी बरोबर कोण होतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

पुढे सलीमभाईंना आमची कामं पुन्हा मिळू लागली. ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला ते आले, फुलं वाहून माझ्याशेजारी बसले.

"त्या टायमाला मी लय चिडलो होतो," ते म्हणाले. "पण नंतर त्यांच्याकडून कागद आला की डोळे झाकून लेथ चालू करायचो. आता कागद येतो, पण कुणी पुन्हा विचारलंय का ते कळत नाही, आणि मी मशीनसमोर नुसता बसून राहतो."