उघड्या डोळ्यांची प्रार्थना

मी आमच्या घरातली पहिली बी.ए. हे मी न विचारताच सांगते आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. माझा बा तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होता. त्याला सहीसुद्धा येत नव्हती. आम्ही ख्रिस्ती. घरी पेज असो की नाताळचं मटण, बा डोळे मिटून मोठ्यानं देवाचे आभार मानायचा आणि त्यानं आमेन म्हटल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही. मोठ्यानंच कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. तो म्हणाला, "ज्यानं देल्लं त्याले तर मनातलं बी ऐकू जाते. पण ज्याच्यासंगं जेवतो त्याले ऐकू गेलं पाह्यजे."

मध्य प्रदेशात बालाघाटला कॉलेजात असताना मी एका काकूच्या घरी खोली घेऊन राहायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. काकूचे यजमान सरकारी नोकरीत होते, ते वारल्यावर ती एकटीच होती. सगळी गल्ली हिंदी बोलायची, काकू मात्र मराठी माणूस दिसलं की खुलायची. खोली देताना तिनं एवढंच सांगितलं होतं, "मटण-मच्छी चालनार नाही. आन् घरात देव हायेत माये, भलत्या धर्माचं मी कोनी ठेवत नाही."

मी "हौ" म्हटलं. माझं नाव कुठल्याही घरातल्या पोरीचं असतं तसंच, त्यामुळे तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. एकट्या मुलीला खोली देणारं दुसरं घर मला मिळालं नव्हतं. तिरोडीहून रोज कॉलेजला येणं तर होण्यासारखंच नव्हतं.

तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायला शिकले. वेणी घालताना करायची, नाहीतर नळावर भांडं घासताना. ओठ हलू द्यायचे नाहीत. काकू काही वाईट बाई नव्हती. मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर तिनं बिनतेलाचं रांधून मला घातलं. तिच्या हातचं ते सगळं मी डोळे उघडे ठेवूनच खाल्लं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. एका सकाळी बा न कळवता दारात उभा. खांद्यावर तांदळाचं गाठोडं.

काकू खूश झाली. "या भाऊ, बसा. पोरीनं बापाची सूरत तरी दाखवली. मले वाटलं, हिले बाप हाय का नाही. आता जेवूनच जा."

मी म्हटलं, "काकू, तो स्टँडवर खाऊन घेईल. त्याची बस आहे."

"बस तीन ले हाय. मले नको शिकवू. बापाले हॉटेलात धाडते, आन् म्हणे बी.ए."

बा हसला. मी त्याला हात धुवायला म्हणून मागच्या नळावर नेलं आणि हळूच म्हटलं, "बा, आज मनातल्या मनात कर."

"काहून?"

मी सांगितलं. काकूला माहीत नाही, आणि कळलं तर खोली जाईल. आठ दिवसांत दुसरी मिळणार नाही, पेपर हुकतील. मी भराभर बोलत होते आणि एक डोळा स्वयंपाकघराच्या दाराकडे होता. नळ चालूच होता. बानं तो बंद केला.

"तीन वर्सं तू इथं मनातल्या मनातच करून राह्यली?"

"हौ."

त्यानं गमछ्यानं हात पुसले, एकेक बोट. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

स्वयंपाकघरात दोन पाट मांडले होते. ताटात भात, वरण, वांग्याची भाजी. काकू वाढायला उभी होती. बाच्या भातावर तिनं तूप सोडलं. "करा सुरू."

बा ताटाकडे बघत बसला. हात मांडीवर. मी घाईघाईनं भात कालवला, म्हणजे मला बघून तो सुरू करील. त्यानं हात उचलला नाही.

"काय झालं भाऊ? आमचं तिखट नाही तुमच्यासारखं, घाबरू नका."

"नाही बाई. बेस हाय."

"मग जेवा ना. गार होऊन राह्यलं."

तेव्हा मला कळलं. बा माझा शब्द मोडणार नव्हता. पण तोंडानं आभार मानल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरला नसता. तो तसाच बसला असता, मग भूक नाही म्हणाला असता, आणि एवढ्या मायेनं वाढणाऱ्या बाईच्या ताटावरून उपाशी उठला असता. तेही माझ्यासाठी. पहाटे चार वाजता घरून निघालेला माणूस. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दटावणी नव्हती.

माझ्या हातातला घास मी परत ताटात ठेवला. "काकू," मी म्हटलं, "आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्यात जेवणाआधी प्रार्थना करतात. बा, कर."

बानं डोळे मिटले. मी मात्र मिटले नाहीत, काकूचे पाय बघत राहिले. ते जागचे हलले नाहीत.

"आकाशातल्या बापा," बा नेहमीच्या आवाजात म्हणाला, "या अन्नासाठी तुये उपकार. ज्या बाईनं रांधलं तिच्या हाताले बरकत दे. माया पोरीले दुखण्यात तिनं सांभाळलं, ते तू पाह्यलं. ज्याच्या ताटात आज काही नाही त्याले दे. आन् तुयं राज्य लवकर येऊ दे बापा, जिथं सारे एका पंगतीत बसतीन आन् कोनी कोनाले उठवनार नाही. माया पोरीच्या मनातलं भेव काढ. येशूच्या नावात मागतो. आमेन."

मी आमेन म्हटलं. त्या घरात पहिल्यांदा, तोंडानं.

काकूचे पाय चुलीकडे वळले. थोड्या वेळानं भाताचं पातेलं बाच्या ताटाजवळ आलं. "भात घ्या," ती म्हणाली. बानं दोनदा घेतला. जेवण झाल्यावर त्यानं आपलं ताट उचललं आणि नळावर नेऊन घासलं. काकूनं राहू द्या म्हटलं नाही.

बाला बसमध्ये बसवून आले तेव्हा ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. "तू मले खोटं बोलली."

"हौ, काकू."

"आधी सांगतली असती तर मी ठेवली नसती, हे खरं हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "परीक्षा होऊ दे. मग दुसरी खोली पाह्यजो. आन् तुया पान्याचा माठ सैपाकघरातून ओसरीवर ठेव. जेवन बी तिथंच."

मी माठ बाहेर काढला. त्या संध्याकाळपासून ओसरीवरच जेवले, डोळे मिटून, बासारखं मोठ्यानं. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. प्रार्थनेत काकूचं नाव घेत होते. ते तिला ऐकू जात होतं, कारण आतली भांडी तेवढा वेळ वाजत नसत.

पहिल्या पेपरच्या सकाळी मी चपला घालत होते. काकू वाटी घेऊन बाहेर आली. "हात कर."

तिनं वरूनच माझ्या तळहातावर दही-साखर टाकली, चमचा हाताला न लावता. मी हात तोंडाकडे नेला.

"थांब," ती म्हणाली. "तुयं ते कर आधी."

तळहातावर दही घेऊन मी डोळे मिटले. आमेन म्हणेपर्यंत ती वाटी धरून उंबऱ्यात उभी होती.

परीक्षा संपली, मी खोली सोडली. तिनं राहा म्हटलं नाही. निकाल लागला तेव्हा मात्र पेढे घेऊन पहिल्यांदा तिच्याकडेच गेले. बा बरोबर होता.