कठड्यापाशी अडकलेला माणूस

आमच्या चर्चच्या मराठी सभेत माझ्या एका प्रार्थनेचं फार नाव झालं होतं. ती प्रार्थना मी केलीच नव्हती. हे एकदाचं सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलोय. शाळा तिसरीपर्यंत झालीय, अक्षर वाकडंतिकडं असेल, पण गोष्ट सरळ आहे.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. बसच्या डेपोत टायर बसवायचं काम मिळालं म्हणून मी हैदराबादला आलो आणि नल्लकुंट्यात घर केलं ते केलंच. चर्च नारायणगुड्याच्या एका गल्लीत. आम्ही जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतो. तिथं रविवारी सकाळी सातला आमची मराठी उपासना आणि नवाला तेलुगूवाल्यांची. म्हणजे पावणेनवाला आम्ही पायात चपला घालून फाटकाबाहेर पाहिजे. आम्ही सगळे मिळून पन्नास-साठ माणसं. निम्मी माझ्यासारखी मराठवाड्यातनं आलेली, बाकी त्यांची पोरं-नातवंडं. पोरांना गाणी तोंडपाठ आहेत, पण मराठी पुस्तक हातात दिलं तर पान कुठलं ते शेजारच्याला विचारतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वेदीपुढं लाकडी कठडा आहे आणि कठड्यालगत एक पायरी. आठ-आठ जणांनी पुढं जायचं, पायरीवर गुडघे टेकायचे. पाळकसाहेब हातावर पावाचा तुकडा ठेवतात, मग द्राक्षारसाचा पेला ओठाला लावतात. आठही जणांचं झालं की ते आशीर्वाद देतात आणि आठही जण एकदम उठतात. एकदम म्हणजे एकदम. एकानं आधी उठायचं नाही, एकानं मागं राहायचं नाही. ही रीत आमच्या बापजाद्यांनी गावाकडनं आणली, आणि इथं ती राखणाऱ्यांत मी पहिला. मागं कुणीतरी म्हातार्‍यांसाठी पुढं खुर्च्या मांडायची सूचना केली होती. मी सभेत उठून म्हणालो, "हे देऊळ आहे, नामपल्लीचं स्टेशन नाही." खुर्च्यांचा विषय तिथंच संपला.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला असाच पहिला रविवार आला. मी गुडघे टेकले, पाव घेतला, पेला घेतला. आशीर्वाद झाला. माझ्या डावीकडचे हलले, उजवीकडचे हलले, आणि माझे गुडघे काही हलेनात. आयुष्यभर उकिडवं बसून टायर काढले, त्याचा हिशेब गुडघ्यांनी नेमका त्या दिवशी मागितला. कठडा धरून जोर लावला, तर कमरेतनं कळ आली. आता काय करायचं? मान खाली घातली, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागलो.

माझ्या रांगेतले सात जण अर्धे उठलेले, ते परत खाली बसले. पाळकसाहेब हात जोडून थांबले. सगळं देऊळ थांबलं. पेटीवाल्यानं गाण्याचं कडवं पुन्हा सुरू केलं, मग पुन्हा. मी आत कण्हत होतो आणि बाहेर लोकांना वाटत होतं की आज म्हातार्‍याला काहीतरी दर्शन होतंय. शेवटी एका पायाला मुंग्या आल्या, त्या उतरल्या, आणि मी कसाबसा उभा राहिलो. माझ्याबरोबर सातही जण उठले. त्या दिवशी आम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडलो आणि तेलुगूवाले फाटकात उभे राहून घड्याळं बघत होते.

बाहेर आलो तर पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात धरले. वयानं माझ्या मुलापेक्षा लहान माणूस, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बाबा, आज तुम्ही आम्हाला प्रार्थना शिकवलीत." एक विधवा बाई आली, म्हणाली, "बाबा, माझ्या पोरीचं लग्न जमत नाही. तुमच्या प्रार्थनेत तिला घ्या." आता सांगा, तिथं कोणत्या तोंडानं म्हणू की बाई, मी अडकलो होतो? मी मान हलवली आणि म्हणालो, "बघू."

त्या दिवसापासनं पहिला रविवार आला की मला घाम फुटायचा. उभं राहून घ्यावं तर तेही जमेना. का, ते सांगतो.

आमच्या सभेत एकच माणूस उभं राहून प्रभुभोजन घेतो, ते म्हणजे मास्तर. शाळेतनं रिटायर झालेले, माझ्याच वयाचे. मी त्यांना तुम्ही म्हणतो कारण ते शिकलेले, ते मला तू म्हणतात कारण ते माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते कठड्याच्या टोकाला, भिंतीला टेकून उभे राहायला लागले. पहिल्याच खेपेला उपासना सुटल्यावर, दारात, चारचौघांत मी त्यांना म्हणालो, "मास्तर, देवापुढं उभे राहिलात, हजेरी घ्यायला आलात काय?" लोक हसले. मास्तर हसले नाहीत. तेव्हापासनं आमचं बोलणं म्हणजे नमस्कारापुरतं. आता मीच त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहू? माझ्या नाकाला ते परवडणारं नव्हतं.

तेव्हा मी वाट काढली. माझी सून तेलुगू आहे, तिचं माहेरचं चर्च नामपल्लीकडं. पुढच्या पहिल्या रविवारी मी तिला म्हणालो, "आज मी तुझ्याबरोबर येतो."

ती मला तेलुगू रीतीनं मावय्या म्हणते, म्हणजे मामंजी. "मावय्या, तुम्ही? तुम्हीच म्हणायचे की आमच्याकडं प्रवचन लई लांब असतं."

"आज ऐकायची इच्छा आहे."

"हौ, चला मग. पण मध्ये उठायचं नाही."

प्रवचन सव्वा तास चाललं. मला त्यातलं येशू आणि दहा-पंधरा शब्द कळले. पण प्रभुभोजन तिथं बाकावर बसल्या जागी! तबक हातोहात फिरतं, पावाचे बारीक तुकडे आणि इवल्या इवल्या पेल्या. मनात म्हटलं, वा, देवानं वाट दाखवली. तबक माझ्यापुढं आलं, आणि माझा हात काही पुढं जाईना. आपल्या माणसांना चुकवून, दुसर्‍या गल्लीत येऊन, चोरून जेवल्यासारखं वाटलं. मी तबक तसंच पुढं सरकवलं. शेजारी एक तेलुगू बाई होती. तिनं माझ्याकडं बघितलं, तबकाकडं बघितलं, आणि पर्स उचलून वीतभर पलीकडं सरकली. एवढं पाप कुठलं असेल याचा तिनं अंदाज बांधला असावा.

सुनेनं ते बघितलं आणि घरी येऊन सासूला सांगितलं. आमच्यात प्रभुभोजन सोडणं म्हणजे साधी गोष्ट नाही. कुणाशी वाकडं असलं तर आधी त्याच्याशी समेट करावा आणि मग वेदीपाशी यावं, असं शास्त्र आहे. तेव्हा एखाद्यानं तबक परत केलं की लोक विचारतात, भांडण कुणाशी?

बायकोनं संध्याकाळी मला समोर बसवलं. "अहो, कुणाशी भांडलात?"

"कुणाशी नाही."

"वरच्या मजल्यावरच्याशी? पाण्याच्या मोटरवरनं?"

"ते गेल्या वर्षी मिटलं."

"दूधवाला? तुमचा भाचा? डेपोतला तो, ज्याचं तोंड बघणार नाही म्हणालात?"

"तो वारला."

"वारला तरी तुमचं मिटलं नसेल!"

दुसर्‍या दिवशी ती शंकरपाळ्यांचं ताट घेऊन वरच्या मजल्यावर माझ्या वतीनं समेट करून आली. वरच्या माणसाला भांडण आठवेचना. तो बिचारा घाबरून खाली आला आणि मला विचारायला लागला, "चाचा, मेरे से कुछ गलती हुई क्या?" मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

पुढच्या महिन्यात पोट बिघडल्याचं सांगून घरीच राहिलो. त्याच्या पुढच्या महिन्यात फोन आला असं दाखवून प्रभुभोजनाच्या आधी बाहेर गेलो आणि फाटकापाशी उभा राहिलो. आतनं गाणं ऐकू येत होतं. माझी बायको रांगेत पुढं गेली असेल, तिच्या हातावर पाव ठेवला असेल, आणि मी बाहेर बंद फोन कानाला लावून उभा. माझ्या लहानपणी बाप अर्धपोटी असायचा, पण पहिल्या रविवारी धुतलेलं धोतर नेसून तो त्या जेवणाला जायचाच. त्या दिवशी वाटलं, असंच चाललं तर मी एक दिवस पहिल्या रविवारचाच नाही, सगळ्याच रविवारांचा बाहेरचा माणूस होईन. सुटतं ते असंच सुटतं. भांडून कमी लोक जातात, लाजून जास्त.

तरी मी कुणाला सांगितलं नाही. स्वभाव.

त्याच आठवड्यात मास्तर घरी आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. हातात काठी, दुसर्‍या हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा. बायकोनं पाणी दिलं आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली. तिची सावली दिसत होती.

मास्तर म्हणाले, "गुडघा कुठला? डावा की उजवा?"

मी म्हणालो, "कसला गुडघा?"

"अरे, पुढच्या रांगेसाठी मी तिथं भिंतीला येऊन उभा होतो. वरनं सगळं दिसतं. तू कठडा असा धरला होतास जसं काही कुणी तो चोरून नेतंय. आणि पायाचा अंगठा जमिनीत रोवत होतास. प्रार्थना करणारा माणूस अंगठा रोवतो?"

दाराआडनं हसण्याचा आवाज आला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं सगळ्यांना?" मी विचारलं.

"तुझी वाट बघत होतो. तीन महिने झाले, कंटाळलो."

मी म्हणालो, "दोन्ही. डावा जास्त."

"मग चल पुढच्या पहिल्या रविवारी. भिंतीला दोन माणसांची जागा आहे."

"येतो," मी म्हणालो. "आणि मास्तर, ते मागं मी जे बोललो..."

त्यांनी काठी वर केली. "इथं नक्को. बोलताना चारचौघांत बोललास. माफी पण चारचौघांत माग. घरात, बिस्किटं खात, मी घेणार नाही."

एवढं बोलून त्यांनी चार बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि गेले. मला राग आला. मग वाटलं, बरोबर आहे. मग पुन्हा राग आला. महिनाभर हेच चाललं. बायको येता-जाता म्हणायची, "अंगठा रोवू नका, फरशी फुटेल."

पहिला रविवार आला. आमच्याकडं प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब थांबतात आणि म्हणतात, ज्यांचं कुणाशी काही असेल त्यांनी आत्ता मिटवून घ्यावं. एरवी त्या दोन मिनिटांत लोक शेजारच्याचा हात धरतात आणि झालं. मी उठलो. डेपोत शंभर माणसांत आवाज चढवलेला मी, पण त्या दिवशी पुढचा बाक धरूनच उभा राहिलो.

म्हणालो, "मला बोलायचंय. सहा वर्षांपूर्वी मी मास्तरांना दारात टाकून बोललो. त्यांचे गुडघे दुखत होते आणि मी त्यांची टर उडवली. मास्तर, मला माफ करा. आणि दुसरं. उन्हाळ्यात इथं जी माझी प्रार्थना झाली ती प्रार्थना नव्हती. मला उठता येत नव्हतं."

पेटीवाला फुसकन हसला, आणि मग सगळं देऊळ हसायला लागलं. माझ्या रांगेत त्या दिवशी परत खाली बसलेला एक जण म्हणाला, "बाबा, तुमच्या नादानं माझी नऊची बस गेली ना!" आणि ती विधवा बाई उभी राहिली, गोंधळलेली. "पण बाबा, पोरीचं तर जमलं! येत्या डिसेंबरात लग्न आहे!"

पाळकसाहेब म्हणाले, "मग देवानं कळवळणंसुद्धा ऐकलं म्हणायचं."

मास्तर मागच्या बाकावरनं काठी टेकत पुढं आले आणि सगळ्यांदेखत माझा हात धरला. म्हणाले, "केलं माफ. पण बोललास छान हं, मी पहिला नंबर दिला असता." तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आजी उठल्या. "मला पण उठवत नाही. म्हणून पहिल्या रविवारी मी पुतण्याकडं जाते." त्यांच्या मागं आणखी एक. मग तिसर्‍या बाई, ज्यांच्याबद्दल मी घरी म्हणायचो की यांची श्रद्धा थंड पडली. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "मी तर खुर्ची मागणार होते, पण तुम्ही स्टेशन म्हणालात."

मी खाली बघितलं.

त्या दिवशी शेवटच्या रांगेत आम्ही पाच जण भिंतीपासून कठड्याच्या मध्यापर्यंत उभे राहिलो. मास्तर, मी आणि तिघी बाया. पाळकसाहेब पाव घेऊन एकेकापाशी येत होते. मी इतकी वर्षं तिथं गुडघे टेकून, मान खाली घालून बसलो, पेला ओठाला लागला तरी डोळे मिटलेले. पाच-सहा पाळक आले आणि बदलून गेले, आणि मला त्या घटकेचे त्यांचे फक्त पाय माहीत. एकाच्या टाचा भेगाळलेल्या, एकाचा अंगठा वाकडा, या साहेबांच्या पायाला जुन्या जखमेचा व्रण. उभा होतो म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा तोंड दिसलं. पाव हातावर ठेवताना ते माझ्याकडं बघत होते, आणि एवढं शिकलेलं, रोज प्रवचन करणारं पोर, पण ओठ थरथरत होते. दर महिन्याला असंच होत असेल त्यांचं, आणि आम्ही कुणी कधी वर बघितलंच नाही.

मी पाव तोंडात घातला. मास्तरांनी कोपरानं ढोसलं, म्हणजे मी पेल्यासाठी मान वर करावी. मान वरच होती.