भिंतीची ऊब बघणारी बाई

टोकावड्यापासून पार शहापुरापर्यंत, बोटानं भिंत ठोकून तिच्या पोटातलं सांगणारा गवंडी माझ्यासारखा दुसरा नव्हता. माझ्याच गोठ्याची भिंत मी "ठणठणीत हाय" बोललो, ती तिसऱ्या दिवशी म्हशीवर पडली. म्हैस वाचली. माझ्यावर तिचा विश्वास परत काय बसला नाय.

शाळेत मी एकदाच गेलो, तिला प्लास्टर करायला.

आमच्या गावच्या देवळात आतल्या भिंतीवर जुनं चित्र हाय. चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली वरात, दोन घोडे, एक मोर. रंग इतका नाजूक, की पदर घासला तर पदराला यायचा. देवळाची झाडलोट माझी आत्या करायची, भिंतीपासून हातभर लांब राहून. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हापासून सकाळी आधी घोडे बघनार, मग चहा.

गावात नुकते मोबाइल आले होते, तेव्हा देवळाच्या भिंतींना आतून फरशा लावायचं ठरलं. पंचांनी मला विचारलं, "भिंत कशी हाय?" मी कडेला दोनदा ठोकलं नि बोललो, "गिलावा सगळा सुटलाय. कुनाच्या डोक्यावर पडंल. उतरवा." झालं. आत्या माझ्याशी बोलायची बंद झाली. भाकरी वाढायची, पन तोंड चुलीकडं करून.

शाळेतल्या गुरुजींनी धावपळ करून मुंबईच्या एका मॅडमला बोलावलं. जुनी चित्रं सांभाळायचं तिचं काम. ती बोलली तरच गिलावा ठेवायचा, असं ठरलं.

पावनी यायची म्हनून सकाळी मी देऊळ शेनानं सारवलं. बादलीत शेनाचा काला उरला, तो चित्राखाली भिंतीच्या पायथ्याला मारला. चित्राला लावला नाय, तेवढी अक्कल होती.

मॅडमकडं लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखा कॅमेरा होता. बोलली, "याच्यात ऊब दिसते. चित्राला हात लावावा लागत नाही." मला समोरच्या कोऱ्या भिंतीवर पंजा टेकायला लावला. मी हात काढला, तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझा पंजा भिंतीवर तसाच!

आत्या बोलली, "याच्या हातचं टिकलेलं पयलंच काम बघतेय मी."

तेवढ्यात ते पन विझलं.

मग मॅडमनं लांबून दोन दिवे लावून चित्राची भिंत कोमट केली. पडद्यावर चित्राखाली हा रुंद काळा पट्टा. मी ओरडलो, "बघा! बोललो नव्हतो सुटलाय म्हनून?"

"नाही," मॅडम बोलली. "सुटलेल्या गिलाव्यामागं हवा असते, तो जास्त तापतो, उजळ दिसतो. हे गार आहे. खालून ओल चढतेय." मग हळूच बोलली, "अशी ओल असेल तर चित्र राहणार नाही."

आत्या मटकन खालीच बसली. पदर तोंडाला.

मी आत्याकडं बघितलं. शेवटी बोललो, "मॅडम, ती ओल जमिनीतली नाय. बादलीतली हाय."

सगळं सांगितलं. गुरुजींनी कपाळाला हात लावला. मॅडम माझ्याकडं बघत राहिली, म्हशीनं बघितलं होतं तशी. "चार दिवस कुणी पाणी लावू नका," बोलली नि गेली.

ते चार दिवस आत्या देवळाच्या उंबऱ्यात बसून. मी लांबून गेलो तरी काठी उचलायची.

पाचव्या दिवशी परत दिवे, परत कॅमेरा. काळा पट्टा गेला होता. सगळी भिंत एकसारखी, फक्त मोराच्या पिसाऱ्यापाशी मुठीएवढा डाग उजळलेला.

"इथं कुणी खिळा ठोकला होता का?"

ठोकला होता. मीच, दिवाळीत बल्बची माळ लावायला.

"एवढंच सुटलंय," मॅडम बोलली. "ते मी भरून देते. बाकी घट्ट आहे, गिलावा उतरवायचं कारण नाही."

आत्या उठली, घोड्यांसमोर गेली, हातभर लांब उभी राहिली. मग मॅडमला बोलली, "जेवल्याबिगर जायचं नाय हां, बाय."

मला पन भरून आलं. पुढं होऊन बोललो, "आत्या, चुना मी कालवून देऊ?"

आत्यानं वळूनसुदिक बघितलं नाय.

"तू भायेर बस. आनि भिंतीला टेकू नको."