जेवढे माहीत तेवढेच

दोन नोव्हेंबर, रविवार, सकाळी सव्वासातला मोघमअण्णांची मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. घड्याळ मी स्वतः पाहिले, म्हणून वेळ लिहितो. पाहिले नसते तर 'सकाळी' एवढेच लिहून थांबलो असतो. ही शिस्त अण्णांची.

समुद्राच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका सरकारी कार्यालयात आम्ही बरोबर होतो. जुन्या जहाजांवर मोजलेले पाण्याचे तापमान संगणकात उतरवायचे, हे काम. काही नोंदींवर तास-मिनिटे असत, काहींवर नुसती तारीख, काहींवर केवळ महिना. वेळेचा रकाना रिकामा राहिला की संगणक तिथे आपण होऊन मध्यरात्र भरी. मग भर दुपारी मोजलेले पाणी रात्रीचे ठरे, आणि पुढचा अभ्यासक समुद्र रात्री तापतो असे अनुमान काढून मोकळा होई. अण्णांनी प्रत्येक नोंदीला आणखी एक रकाना जोडायला लावला: ही वेळ कुठवर खरी? मिनिटापर्यंत, तासापर्यंत, दिवसापर्यंत की महिन्यापर्यंत? असंख्य नोंदींपुढे 'फक्त दिवस' असे लिहिणारा माणूस, म्हणून त्यांचे नाव मोघम पडले. त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर विचारले, "मोघमजी, समुंदर कौन-सी घड़ी देखता है?" लोक हसले. अण्णा म्हणाले, "घड़ी जहाज़वाले देखते थे, सर. जहाँ उन्होंने नहीं देखी, वहाँ हम दिल्ली में बैठकर कैसे देख लें?"

रकाना राहिला.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमची सरकारी क्वार्टर्स शेजारी-शेजारी होती. रजेवरून परतताना ते जेवायला आमच्याकडे येत. केव्हा, असे विचारले की "शनिवारी, दुपारी" म्हणत. माझी पत्नी चिडे. "अहो अण्णा, दुपार केवढी मोठी असते! मी कुकर लावू कधी?" त्यावर ते शांतपणे सांगत, "वहिनी, गाडीचे मला ठाऊक नाही. मला ठाऊक तेवढे सांगितले." ती कुरकुरे आणि थांबे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघेही दिल्लीतच, मुनिरक्यात राहिलो. माझी पत्नी गेल्यावर अण्णा रोज संध्याकाळी येऊ लागले. सांत्वनाचे काही बोलले नाहीत. चहा घेत, वर्तमानपत्राची घडी नीट करून ठेवत, आणि जात. ज्याच्याशी मराठीत बोलावे असा माणूस मला या शहरात तेवढाच उरला होता.

पुढे त्यांचे विसरणे सुरू झाले. आधी तास गेले, मग वार. मुलीने मला सांगितले, डॉक्टर ठीक म्हणाले तर बाबा इथेच राहतील, काका. नाहीतर मी नेणार. तपासणीला मीही गेलो. डॉक्टरांनी तारीख विचारली.

"अक्टूबर है. तारीख नहीं मालूम."

"अंदाज़े से बोल दीजिए, अंकल."

"आपके काग़ज़ पर अंदाज़ा लिखने की जगह है?"

नव्हती. तारीख माझ्या ओठांवर आली. अण्णांनी ते पाहिले आणि हात वर केला. "पेंडसे, सांगू नका. ती तुमची नोंद आहे." मग डॉक्टरांनी साल विचारले. तेही माहीत नसल्याचे अण्णांनी सांगितले.

परतताना मी त्यांना रागावलो. दोन उत्तरे ठोकून दिली असती तर कदाचित इथे राहता आले असते, असे म्हणालो. "मग एकटे राहायची परवानगी कोणाला मिळाली असती?" ते म्हणाले. "मला नव्हे. त्या ठोकून दिलेल्या उत्तरांना." मुलीने तिकिटे काढली.

त्या रविवारी अण्णा टॅक्सीत बसल्यावर मी त्यांना विचारले, परत केव्हा. विचारायला नको होते, पण विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कोण, हे त्या क्षणी त्यांना ठाऊक होते.

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. "यायचे आहे, एवढे खरे."

टॅक्सी वळली. मी त्यांच्या घरातला गॅस बंद केला, खिडक्या लावल्या, कुलूप घातले. मग कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे जाऊन अण्णांचे अर्धा लिटर बंद करायला सांगितले.

"कब से, अंकलजी?"

"आज से."

"और चालू कब से करना है?"

तो रकाना मी रिकामा ठेवला. माझी दुधाची पिशवी घेतली आणि निघालो.