पिंजाऱ्याच्या सुपातला

सोयगावच्या स्टँडवर आबांनी माझी पत्र्याची पेटी एसटीत चढवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. बारावी झाली होती, लॅबचा कोर्स करायला मी औरंगाबादला निघाले होते. आई पदराआड रडत होती. आबा रडले नाहीत. "चाललीस तर नीट चाल," एवढंच म्हणाले आणि गाडी हलायच्या आत वळून चालायला लागले. असा राग आला होता मला! अजिंठ्याचा घाट चढेपर्यंत त्यांची पाठ डोळ्यांपुढून हलली नाही.

त्याला पंचवीस वर्षं होत आली. शहराचं नाव बदललं, माझं आडनाव बदललं. सिडकोत टू बीएचके आहे, स्कूटी आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन आहे. पण एका जागी बूड टेकत नाही. सुट्टीच्या दिवशी कपाट आवरते, आवरून झालं की पुन्हा सगळं बाहेर काढते. नवरा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. असणारच. माझा आजा मेंढरांमागं आठ महिने रानोमाळ फिरायचा. तुम्ही जे गावात राहिलात ते म्हणता, पोरगी शहराची झाली. इथले विचारतात, मूळचे कुठले? दोन्हीकडं मला उगाच गुन्हा केल्यासारखं वाटतं. आणि आबा परवापर्यंत माझ्या घरी एकदाही मुक्कामाला आले नव्हते, हे तर कुणाला सांगायचीही चोरी.

माझा भाऊ बाळू, त्याच्या लग्नात ती गोष्ट झाली. देवक बसवायचं म्हणून देव्हाऱ्यातले चांदीचे टाक कुणी उचलायचे, यावरून आबांची आणि धाकट्या काकांची जुंपली. टाक थोरल्याकडंच असतात, म्हणजे आबांकडं. काका भर मांडवात म्हणाले, "देव रक्ताच्या माणसानं उचलावा. तू तर पिंजाऱ्याच्या सुपातला."

मला वाटलं आबा उठून एक ठेवून देतील. त्यांनी गुपचूप टाक काकांच्या हातात दिले. तेव्हापासून टाक काकांच्याच घरी, भावाभावांचं बोलणं बंद, आणि आबांनी देव्हाऱ्यापुढं बसायचंही सोडलं. मी विचारलं, काका म्हणतात ते खरं का? तर म्हणाले, मला काय ठावं, मी लहान होतो. मग हळूच म्हणाले, तुमच्या विद्यापीठात गावांचे जुने कागद असतात म्हणं, जमलं तर बघ. आबांनी आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. सत्तरीला टेकलेला माणूस, आपण कुणाचे हेच त्याला माहीत नव्हतं.

विद्यापीठातल्या त्या संग्रहाच्या खोलीत मी तीन रजा घालवल्या. तिथल्या निकम मॅडमनी आधी माझा पेन काढून घेतला आणि पेन्सिल दिली. पासष्टेक वर्षांपूर्वी इथल्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून घरटी माहिती लिहून घेतली होती, त्याची कापडात बांधलेली बाडं. मला धीर कुठला! मॅडम दोनदा ओरडल्या, बाई, पानं सावकाश उलटा, फाटतील.

आमचं गाव सापडलं. आजाचं नाव सापडलं, आजीचं सापडलं. धंदा मेंढपाळ. आणि पुढं सुवाच्य अक्षरात, 'मुले: नाहीत.' काका तर नंतर झालेले.

पुढच्याच पानावर शेजारचं घर होतं. फातमाबी, धंदा कापूस पिंजणे. मुले सहा. सगळ्यात थोरली रशीदा, वय अकरा. सगळ्यात धाकटा दगडू, वय तीन.

दगडू म्हणजे माझे आबा.

मी बाड बांधलं, पेन्सिल परत केली आणि पार्किंगमध्ये स्कूटीवर नुसतीच बसून राहिले. म्हणजे काका खरं बोलले होते. आबा पिंजाऱ्याचे की कुणाचे, त्याचं मला सोयरसुतक नव्हतं. पण हे आबांना कोणत्या तोंडानं सांगू? पंधरा दिवस मी त्यांचे फोन टाळले. कागद माणसाला खोटं सांगत नाही, असं मी समजत होते. दिवसभर रिपोर्टवर सह्या करणारी बाई मी, दुसरं काय समजणार?

शेवटी राहवेना. पिंजाऱ्याचं घर मागंच गाव सोडून इथं शहरातल्या छावणीत आलं, एवढं आईला माहीत होतं. मी छावणीच्या बाजारात गाद्यांच्या दुकानांतून विचारत सुटले. चौथ्या दुकानातल्या माणसानं वर माडीवर हाक मारली, आणि रशीदाआपा कठडा धरत खाली आल्या. दगडूचं नाव घेतलं तसं त्यांनी मला हात धरून शेजारी बसवलं. मी कागदाचं सांगितलं. त्यांना हसू आवरेना.

म्हणाल्या, तुझ्या आजीची आधीची दोन पोरं गेली होती. हा झाला तेव्हा पाचव्या दिवशी तिनं याला सुपात घालून आमच्या दारात ठेवलं. माझ्या आईची सगळी जगलेली, म्हणून आईनं मूठभर ज्वारी देऊन त्याला विकत घेतलं आणि परत तिच्याच ओटीत घातलं, आमचा आहे, तू सांभाळ म्हणून. नाव दगडू, म्हणजे सटवीचीही नजर जाऊ नये. दूध आजीच पाजायची. पण परक्यानं विचारलं की म्हणायची, मला नाही, फातमाबीचा आहे.

"कापी लेके लिखनेवाले आये, तो तेरी दादी ने येच बोली. कायकू नै बोलेगी? जिसकू जिलाना है, उसकू गिनते क्या?"

मी तिथूनच आबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ती बाई हाय व्हय अजून?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आबा आले. माझ्यासाठी पंचवीस वर्षांत न आलेले आबा रशीदाआपांसाठी आले, म्हणून मला जरा टोचलंच, खोटं कशाला बोलू. छावणीत दोघं म्हातारी एकमेकांचे हात धरून बसली. टाक आता परत मागा, असं मी म्हटलं, तर म्हणाले, राहू दे त्याच्याकडं, मी तिथं जाऊन बसंन. इतके हलके झालेले आबा मी कधी पाहिले नव्हते.

आपांच्या सुनेनं चहा आणला आणि सहज विचारलं, चाचा, बच्चे कितने?

मी त्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

"एक पोरगा," आबा म्हणाले. "बस."

आपा माझ्याकडं बघून मिश्कील हसल्या. मी कप खाली ठेवला. माझ्या आधीचं एक लेकरू पाळण्यातच गेलं होतं, हे आईनं मला एकदाच सांगितलं होतं. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, आबा, असं कधीपासून सांगता? त्यांनी रस्त्याकडं तोंड केलं.

"तू लांब राहतीस," म्हणाले. "म्हणून."

भर रस्त्यात हुंदके देऊन रडले मी. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघेना का.

आबा त्या रात्री माझ्याकडंच राहिले, सकाळी भाकरी खाऊन गेले. बेचैनी गेली असं नाही. कालच पुन्हा कपाट काढलं. पण आता कुणी विचारलं, मूळचे कुठले, तर मी चटकन सांगते, सोयगावाकडची. तिथं माझं घर आहे. तिथं मला मोजत नाहीत.