विहीणबाईचा रुसवा

त्या डोंगरावर आम्ही चौघंच होतो: माही पोरगी, जावई, जावयाची माय म्हणजे माह्या विहीणबाई, अन मी. सांगून ठेवते, विहीणबाईसारखी हट्टी बाई अख्ख्या नागपुरात दुसरी सापडणार नाही.

पोरगी-जावई परदेशात राहतात. तिथं ज्वालामुखीचं मोठ्ठं राष्ट्रीय उद्यान आहे, पार ढगाच्या वर. "धरतीच्या चुलीत डोकावल्याबिगर मी मरत नाही," असं विहीणबाई सांगून राहिल्या होत्या. त्याच्यासाठी नागपुरात हुडकेश्वरच्या घरी पाठीवर तांदळाची थैली बांधून जिना चढत-उतरत. शेजारीण विचारे, "कुठं चालल्या जी काकू?" तं म्हणत, "ज्वालामुखीले." अन निघाल्या कशा, तं मे महिन्याच्या उन्हात गावातल्या लकडगंजले निघाल्यासारख्या! तोंडाले दुपट्टा, लू लागू नये म्हणून कमरेले कांदा. तिथं दात वाजत होते थंडीनं, पण तो कांदा काही सोडला नाही. तिथल्या चौकीदारानं सांगितलं, हळू चाला, पाणी पीत राहा, वाट सोडू नका, डोकं दुखलं तं खाली उतरा. विहीणबाईनं हे सारं पोराकडून वदवून पाठ केलं. तो भरभर चालला की मागून ओरडत, "कोणाची वरात चुकून राहिली गा?"

शेवटची चढण आली अन माह्या डोक्यात घण पडाले लागले. पोटात ढवळून राहिलं. मी बोलली नाही. आमचे मालक गेल्यावर अंगात ताप असताना लोकाच्या वावरात निंदण केलं, तवा बी कोणाले सांगितलं नाही. इथं तं मी मुलीकडची. माह्यापायी जावयाचा बेत काहून मोडू?

विहीणबाईनं माह्याकडं पाहिलं. "काहून जी, दुखते काय?"

"नाही जी."

पाय उचलला तं झोक गेला. तशा विहीणबाई मटकन दगडावर बसल्या. "मी रुसली," म्हणे.

जावई म्हणते, "आई, आता काय झालं?"

"लग्नात रुसायचं राहिलं होतं. वरमाय आहे मी. खाली नेल्याबिगर मानत नाही."

"आई, इतलं जवळ आलं अन आता?" पोरगी रडकुंडीले आली.

"असू दे वं. चला म्हटलं ना!"

माहा हात गच्च धरून त्याइनं मले उतरवलं. अर्ध्या वाटेत मी ओकली, तवा सगळ्यायले समजलं. जावयानं कपाळाले हात लावला, "मामी, सांगायचं ना!"

"त्याइनं सांगितलं असतं, तं मी कशाले रुसली असती?" विहीणबाई बोलल्या.

खाली आल्यावर डोकं दुखाचं थांबलं, चहा पोटात राहिला. त्याले बरीच वर्षं झाली. आता विहीणबाईचे गुडघे गेले, गल्लीतलं देऊळ बी लांब झालं. धरतीची चूल पाहायची राहूनच गेली. मी विचारलं तं म्हणतात, "धूर तं दिसला ना जी."

वाचणाऱ्याले माहं एकच सांगणं आहे. उंचावर डोकं दुखलं तं लाजू नका. संगं असल त्याले सांगा अन खाली उतरा.