दोर मेहुण्यानं धरायचा

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. पालघरच्या शाळेत मी मराठी शिकवतो. वर्गात मुलं असलं काही सांगू लागली की मी हसून विषय बदलत असे. या सदरातले अनुभवसुद्धा मी वाचायचो ते भाषेसाठी... लिहिणाऱ्याला त्या दिवशी ताप असावा असं मनात म्हणायचो आणि पान उलटायचो. आता माझ्या मेहुण्याचं दिवसकार्य उरकलं आहे. जे पाहिलं ते कुठेतरी नीट मांडून ठेवावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

मेहुणा म्हणजे माधव, माझ्या धाकट्या बहिणीचा, सुशीलेचा नवरा. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरला वीज प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं तेव्हा माधव तिथे सर्व्हेअर म्हणून आला. मागोमाग त्याचा सख्खा भाऊ दिनकर फिटर म्हणून आला. बिऱ्हाड बोईसरला. माधवला डोंगराचं वेड होतं, आणि पालघरहून मनोरच्या रस्त्याला लागलं की वाघोबा खिंडीच्या वर काळदुर्ग समोरच दिसतो. माथ्यावर प्रचंड चौकोनी कातळ आहे. तिथून एका बाजूला केळव्याच्या नारळी आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला सगळे डोंगर.

सुशीलेला दिवस गेले होते. डोहाळे लागले ते मधाचे, आणि तेही पोळ्यातल्या ताज्या मधाचे. काळदुर्गाच्या कड्याला पोळी लागतात हे माधवला ठाऊक होतं. चैत्रातल्या एका रविवारी तो, दिनकर आणि मी असे तिघे निघालो. दोर माधवनेच घेतला, चांगला जाड आणि नवा.

खिंडीतून वाट सुरू होते. अवघड म्हणावी अशी नाही, पण उभी आहे. घसारा आणि करवंदीच्या जाळ्या. माझी दमछाक होत होती आणि दिनकर माझी थट्टा करत होता.

"मास्तर, पुस्तकं उचलता ना एवढी? मग स्वतःला उचला की!"

मधल्या सपाटीवर पाड्यावरचा जान्या भेटला. सोबत एक काळासावळा, हसरा गडी होता. दोघांच्या मध्ये दोराचं वेटोळं आणि पानांत गुंडाळलेलं पोळं. माधवने मध विकत मागितला.

"यो पयला काडलेला हाय. वाघोबाचा," जान्या म्हणाला. "तो नाय देत. वर ल्हान पोळं हाय, कपारीत. हात पोचल." मग आमच्या दोराकडे बघत म्हणाला, "दोर कोन धरनार?"

"मी," दिनकरने दंड थोपटला.

"तू कोन याचा?"

"सख्खा भाऊ."

जान्या आणि त्याचा सोबती एकमेकांकडे बघून हसले. "मंग नको. आमच्यात सका भाव दोर नाय धरत. मेवना धरतो, बायकोचा भाव. यो बग, यो माजा मेवना."

"का रं बाबा?"

"भावानं सोडला तं त्याला जमीन भेटते. मेवन्यानं सोडला तं त्याची भैन रांडवते. आता सांग, घट कोन धरल?"

आम्ही सगळेच हसलो. जान्याने विचारलं, "तुमच्यात मेवना कोन?" दिनकरने माझ्या खांद्यावर थाप मारली. मी जवळजवळ खाली बसलो.

"हे? हे धरणार दोर? आन् जमीन कसली राव, गावाकडं आमची दीड एकर खडकाळ. दादाला ढकलून मला काय मिळायचं, कुळथाचं पीक?"

माधव हसून म्हणाला, "तरी जपून धर हो!"

दिनकरचं भावावर किती प्रेम होतं ते मी सांगायला नको, पण सांगतो. माधव जेवल्याशिवाय तो ताटावर बसत नसे. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्यावं.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन लखलखीत होतं आणि वारा नव्हता. कातळाच्या कडेखाली पुरुषभर अंतरावर एक रुंद टप्पा होता. बैलगाडी उभी राहील एवढा. त्याच्या वरच्या कपारीत पोळं. माधवने दोर कमरेला बांधला. दिनकरने दुसरं टोक स्वतःभोवती घेतलं आणि कातळाच्या खाचेत पाय रोवले. माधव टप्प्यावर उतरला, नीट उभा राहिला. मला त्याचं डोकं आणि खांदे दिसत होते. तो वर बघून म्हणाला, "मास्तर, इथून समुद्र काय दिसतोय..."

तेवढ्यात दोराला हिसका बसला.

माधव पडला नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. तो उभा होता आणि उभ्या उभ्याच खाली खेचला गेला. दिनकर तोंडावर आपटला. त्याचे पुढचे दात दगडावर फुटले ते मी ऐकलं. दोर सैल झाला, पुन्हा हिसका. पुन्हा सैल, पुन्हा हिसका. धोबी कपडा आपटतो तसं कुणीतरी त्या दोराच्या टोकाला असलेल्या माणसाला कड्यावर आपटत होतं. दर आपटण्याला माधवची किंकाळी येत होती आणि दर वेळी ती बारीक होत होती. दिनकरची दोन बोटं दोर आणि दगड यांच्यामध्ये सापडली. कातडं सोलून निघालं, आत पांढरं हाड दिसलं. तरी त्याने सोडलं नाही. रक्ताने भरलेल्या तोंडाने तो ओरडत होता, "दादा! कोण आहे रे खाली? कोण हाय?"

मी दोरावर पडलो. विचार करून नाही; तोल गेला म्हणून पडलो म्हटलं तरी चालेल. दोर माझ्या मुठीत आला. पुढच्या हिसक्याने दिनकर बाजूला फेकला गेला, त्याचे हात सुटले.

आणि सगळं थांबलं.

दोराला फक्त एका माणसाचं वजन उरलं. तेही पुरतं नाही. विहिरीतून घागर ओढताना ज्याला धाप लागते त्या मी एकट्याने माधवला वर घेतलं. त्याचं डोकं फुटलं होतं, बरगड्या मोडल्या होत्या, कमरेत दोर मांसात रुतला होता. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "मी टप्प्यावर उभा होतो रे. मी पडलोच नाही." कपारीतल्या पोळ्यावरची एकही माशी उठली नव्हती.

आरडाओरडा ऐकून जान्या आणि त्याचा मेहुणा धावत वर आले. माधवला उचलताना दिनकर त्याचा हात धरायला पुढे झाला, तशी जान्याने त्याच्या मनगटावर काठी मारली. जोरात.

"तू नाय! जीव लोंबतो तवा तू धरायचा नाय. आज नाय न् कवाच नाय."

दिनकर त्याच्या अंगावर धावून गेला. मी मध्ये पडलो. मग मी माधवचा हात धरला, त्या दोघांनी झोळी केली, आणि आम्ही उतरलो.

माधव वाचला. मुलगी झाली, तिचं नाव त्याने मधुरा ठेवलं. दिनकरची दोन बोटं वाकडी राहिली. पुढची काही वर्षं सुखात गेली. ती गोष्ट घरात थट्टेची झाली. माधव म्हणायचा, "आमचा जीव मास्तरांच्या मुठीत!"

या वर्षी त्याला विषमज्वर झाला. पालघरच्या दवाखान्यात ठेवलं. मी रजा काढून उशाशी बसलो. त्याचा हात हातात घेऊनच बसलो होतो. का, ते सुशीलेनेही विचारलं नाही. त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, आता उतार पडतो आहे. सुशीला म्हणाली, "दादा, मधू शेजारणीकडे रडत असेल, तिला घेऊन ये. दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही, तुझ्याकडेच येते ती." मी गेलो.

मधुराला कडेवर घेऊन परत पायऱ्या चढत होतो, तेव्हा आतून लोखंडी खाट फरफटल्याचा आवाज आला. मग आपटल्याचा. पुन्हा आपटल्याचा. आणि सुशीलेची किंकाळी.

खाट आडवी होऊन भिंतीला लागली होती. माधव खिडकीखाली फरशीवर पडला होता, डोक्याखाली रक्त पसरत होतं. बोईसरहून नुकताच आलेला दिनकर गुडघ्यावर बसून आपल्या हातांकडे बघत होता. दोन्ही तळव्यांतलं कातडं आडवं सोलून निघालं होतं, जाड दोर सरकावा तसं. खोलीत दोर नव्हता.

"ह्यांनी पाणी मागितलं," सुशीला पुढे कधीतरी म्हणाली. "भावजींनी ह्यांचा हात धरून उठवलं फक्त... आणि ह्यांना ओढलं. कुणी ते दिसलं नाही."

डॉक्टरांनी वाताचा झटका म्हटलं. असेल. वातात माणसाला बळ येतं, खाट सरकते, हे मलाही माहीत आहे. दिनकरच्या तळव्यांबद्दल मात्र त्यांनीच मलमपट्टी करूनही काही सांगितलं नाही, आणि मलाही ते अजून उलगडलेलं नाही. काळदुर्गावर काय आहे, ते इतकी वर्षं वाट का बघत होतं, दिनकरसारख्या भावाला त्याने काय म्हणून ओळखलं...

तेराव्याला दिनकर आला होता. पंगतीत बसला नाही, ओट्याखाली उभा राहिला. मधुरा ओट्याच्या कडेला आली, तिला उतरायचं होतं. काकाकडे बघून तिने दोन्ही हात पुढे केले. दिनकरने पट्ट्या बांधलेले हात पाठीमागे नेले.

"तुमीच घ्या तिला, मास्तर," तो म्हणाला. "पडंल ती."